पिवळ्या पट्टीचं पोतं

युनूस, बुधवारी नेतो म्हणालास आणि मंगळवारी गेलास. ही कुठली रीत झाली? सोमवारी फोनवर तुझा आवाज अगदी ठणठणीत होता. मागे शमीमभाभींचं शिलाई मशीन चालू होतं, तू काहीतरी चघळत होतास, आणि चघळत चघळतच म्हणालास, "बुधवारले रमकीबाईकडे चाल, मास्तर. होळीले ती वर चालनी जाई." माझ्या हातातला खडू पडला. ती कुठे आहे, तुला कधी सापडली, मी विचारतच राहिलो. "बुधवारले देखशी," म्हणालास आणि फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी दुपारी कोळशाच्या वखारीत पोत्याला पाठ टेकून बसलास, तो उठलाच नाहीस.

त्यानंतर मला बसवेना. शाळा सकाळची, साडेबाराला सुटते. सुटली की सायकल काढायचो. घरी ताट वाढून ठेवलेलं असायचं, मी मात्र स्टेशनपलीकडच्या वस्तीत असायचो, नाहीतर जिनिंगच्या मागे, नाहीतर वीटभट्ट्यांच्या रस्त्याला. धूर दिसला की उतरायचो. बघावं तर कुणी अंघोळीचं पाणी तापवतंय, कुणी कचरा पेटवलाय. कोण पाहिजे म्हणून विचारायचे. रमकीबाई, कोंबडी भाजते ती, एवढं सांगायचो. तिच्या पाड्याचं नाव मला माहीत नव्हतं. तिच्यावर पेपरात अर्धं पान लिहिलं मी, आणि एवढं विचारलं नव्हतं.

आणि होळी जवळ येत होती. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस लागले की सातपुड्यातली माणसं हातातलं काम टाकून वर निघून जातात, मग पुन्हा कोण कुठे उतरेल याचा नेम नसतो. त्याआधी मला तिला गाठायचं होतं. काय बोलायचं होतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्याजवळ ते कधी बोललो नाही, तेवढं मात्र माझं चुकलं.

आपली दुसऱ्यांदा गाठ पडली ती कोळशामुळेच. नगरपालिकेच्या शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर होतास, मग पंचवीस वर्षं कुठे होतास कोण जाणे. मी चित्रकलेचा मास्तर झालो. पोरांना कोळशाने रेघ मारायला शिकवावं म्हणून बारीक कांड्या शोधत तुझ्या वखारीत शिरलो. तू पोत्यात हात घालून दोन तुकडे काढलेस आणि एकमेकांवर वाजवलेस. खणकन वाजला तो कबाबवाल्याला, भद्द वाजला तो इस्त्रीवाल्याला. ही विभागणी तू तुझ्या वडलांकडून शिकला होतास आणि तिच्यात कधी खोट केली नाहीस. मला कांड्या दिल्यास आणि विचारलंस, मास्तर, जेवलास का? मी घरी अंडंही न चालणाऱ्या पाटलाच्या घरातला. हो म्हणालो. तरी तू मला हनीफच्या सिगडीपाशी घेऊन गेलास आणि सीख हातात दिलीस. त्या दिवशी घरी जाताना मूठभर बडीशेप खाल्ली. बायकोने तोंडाकडे बघितलं आणि ताट वाढलं. त्यावर ती इतकी वर्षं बोलली नाही, आणि मी इतकी वर्षं बडीशेप खात आलो.

तुझा नियम सोपा होता. पोत्याच्या मागे जायचं. ज्याच्याकडे खणखणीत कोळसा जातो तो माणूस मांसाशी लबाडी करत नाही, असं तुझं म्हणणं. भाभी ब्लाउज शिवतात, त्यांच्या उरलेल्या पट्ट्यांनी तू पोत्यांची तोंडं बांधायचास. लाल पट्टी म्हणजे मोठे तुकडे, हिरवी म्हणजे मध्यम, चुऱ्याच्या पोत्याला नुसती सुतळी. गावातल्या निम्म्या सिगड्यांशेजारी भाभींच्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज लोंबत असायचे. आपण लाल पट्टी बघायचो आणि बसायचो. गुळगुळीत टेबलं, पंखे, फॅमिली रूम असल्या ठिकाणी तू पायच टाकला नाहीस. हमाल जिथे उकिडवे बसून खातात तिथे आपणही उकिडवे. माझे गुडघे तेव्हापासून दुखतात.

प्रकाशा गावाला गेलो होतो ते आठवतं? देवळांची गर्दी मागे टाकून तापीच्या काठाने बरंच खाली एक म्हातारा मासे भाजतो असं तुला कळलं होतं. तू एसटीत कोळशाची पिशवी घेऊन चढलास. कंडक्टरने तुझ्या पांढऱ्या पँटकडे बघून कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने तुझा कोळसा हातात घेतला, वाजवला, परत दिला आणि बाभळीच्या लाकडावरच मासा भाजला. तू आयुष्यात पहिल्यांदा हरलास, आणि तीन मासे खाल्लेस. एकदा माझ्या शेतावरही आलास. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून मी वांगी भाजली, हिरवी मिरची, लसूण, कच्चं तेल, कळण्याची भाकरी. बोटं चाटत कबूल केलंस की वांग्याला कोळसा लावणारा माणूस गाढव. शेतावर आलास, घरी कधी आला नाहीस. मी बोलावलं नाही म्हणून आला नाहीस. हे तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस, म्हणून आता मीच बोलून टाकतो.

मग रमकीबाई. तो तुझाच शोध. मिरच्या वाळत घालतात त्या पथाऱ्यांवर तोरणमाळकडच्या बायका देठ खुडायला येतात, त्यांच्यासाठी दुपारी एका कोपऱ्यात ती चूल मांडायची. ठेचलेली मिरची, लसूण, मीठ, घरचं आमचूर. कोंबडीचे तुकडे त्यात माखायचे, पळसाच्या पानात गुंडाळायचे, निखाऱ्यात सारायचे. सोबत मक्याची जाड भाकर. बायका ती वाढेल तेवढं खायच्या आणि पुन्हा मिरच्यांपुढे बसायच्या. आपण दोघे त्या ठसक्यात डोळे पुसत, नाक ओढत जेवलो. मी इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

त्या वेळी मी पेपरच्या रविवारच्या पानात गावातल्या खाण्यावर लिहीत होतो. हनीफवर लिहिलं, त्याच्याकडे गर्दी झाली, त्याने दुसरी सिगडी टाकली आणि तुझी पोती दुप्पट घेऊ लागला. मग मला वाटायला लागलं, मी हात लावीन तिथे भलं होतं. रमकीबाईवर लिहिलं. तिच्या मसाल्यात डोंगरातलं काहीतरी गूढ आहे, असलं काहीबाही लिहिलं. आणि खाली चौकटीत रस्त्यासकट पत्ता दिला, गाडी कुठे लावायची तेही.

पुढचं तू बघितलंस. सोमवारी दुपारी पथारीच्या तोंडाशी गाड्या लागल्या. कुणी मोबाइलवर तिचे हात टिपत होतं, कुणी घरच्यांसाठी बांधून मागत होतं. साडेबारालाच पानं संपली. एक वाजता बायका हात धुऊन आल्या तेव्हा चुलीत राख होती. आठ दिवस असंच चाललं. मग पथारीवाल्याने ही जत्रा नको म्हणून तिला उठवलं. आपण गेलो तेव्हा तीन काळे दगड होते आणि भाभींच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाची लाल पट्टी.

वखारीत आल्यावर पाणी प्यायलास आणि मग म्हणालास, "तू पत्ता लिखी टाका, मास्तर. आते चव घेनारा येतीन. भूक लागेल लोके कोठे जातीन?" मी वाद घातला. चांगलं करणाऱ्याचं नाव व्हायला नको का? हनीफचं बघ की. गरिबाने कायम कोपऱ्यातच चूल मांडायची का? युनूस, मला अजूनही वाटतं त्यात मी सगळा चूक नव्हतो. तूही तसं म्हणाला नाहीस. तू फक्त म्हणालास, तिला विचारलं होतंस का? मी चप्पल घातली आणि निघून आलो. लिहायचंही त्याच महिन्यात बंद केलं. चूक मान्य केली म्हणून नाही, फुरंगटून.

तुझी शिक्षा मात्र तुझ्यासारखीच. अबोला धरला नाहीस. पुढच्या बुधवारी शाळेच्या फाटकाशी उभा राहिलास, हातात कागदाचं पुडकं. माझ्याच पेपरचं रविवारचं पान. उघडलं तर आत भाजलेली कोंबडी. कुठली, विचारलं. "आठेच," म्हणालास, म्हणजे इथलीच. मग दर बुधवारी पुडकं यायचं आणि मी अंदाज बांधायचो. हनीफ? नाही. खांडबाऱ्याहून गाडीने येते, कोवळ्या बांबूची भाजी विकते त्या कोकणी आदिवासी बाईची बहीण? नाही. रेल्वे क्वार्टरमागचा तो मद्रासी? तू मान हलवायचास. कोठे मग? "आठेच." वर्षभर. मला चीड यायची आणि बुधवार कधी येतो असं व्हायचं. त्या शेवटच्या सोमवारी तू तिचं नाव घेतलंस तेव्हा मला वाटलं, आता कुठे तुला ती पुन्हा सापडली आणि शिक्षा संपली.

तुला खांदा दिला त्या दिवशी माझ्यापुढे हनीफ होता, मागे दोघं भट्टीवाले. सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास. त्या संध्याकाळी गल्लीत एकाही सिगडीवर सीख चढली नाही. लोक हळहळत होते आणि मी मनात एकच रटत होतो, आता मला कोण नेणार. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

आठवड्याने भाभींकडे गेलो. वखार झाडून ठेवली होती. चार पोती भिंतीशी, तोंडं बांधलेली. दोन लाल, एक हिरवं, एक पिवळं. पिवळी पट्टी मी कधी पाहिली नव्हती. भाभी म्हणाल्या, कोण गिऱ्हाईक ते त्यांनाही माहीत नाही, पण दर मंगळवारी तू पिवळी पट्टी मागून घ्यायचास, आणि नसेल तर रुसायचास. बुधवारी सकाळी ते पोतं जायचं. मी विचारलं, किती दिवसांपासून? त्या म्हणाल्या, वर्ष झालं असेल. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मग मी पिवळं शोधत फिरलो. पिवळं पातळ दिसलं तरी उतरायचो. एका घरी हळद लागत होती तिथे जाऊन उभा राहिलो, त्यांनी मला पाहुणा समजून बसवलं, सरबत दिलं. तू असतास तर तीन दिवस हसला असतास. दुसरा बुधवारही गेला. सायकल दोनदा पंक्चर झाली. घरी बायको म्हणाली, कोणाला शोधता ते सांगा तरी. सांगितलं. सगळंच सांगितलं, बडीशेपेसकट. ती म्हणाली, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आता जेवा आणि जा.

शनिवारी सापडली. कुठे ते तुला सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगायचं नाही. दुपारचा एक वाजला होता. काम टाकून आलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. चुलीवर उन्हासाठी जुनी ताडपत्री ताणली होती, आणि ती चारी कोपऱ्यांना, मधल्या बांबूंना, खालच्या खुंट्यांना, जिथे म्हणून बांधायची तिथे पिवळ्या पट्ट्यांनी बांधली होती. काही उन्हाने पांढऱ्या पडलेल्या, काही कोऱ्या. किती बुधवार होते ते मी मोजत बसलो नाही.

तिने मला ओळखलं. बस म्हणून हाताने खुणावलं आणि विचारलं, "दोन बुधवार गयात, कोळसावाला उना नही?" मी सांगितलं. ती काठी हातात धरून तशीच राहिली. निखाऱ्यातलं एक पान पलटायचं राहून गेलं आणि एका अंगाने जळलं. बायकांना वाढून झाल्यावर तिने तेच माझ्यापुढे ठेवलं. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "पहिले खाई ले. तो सांगे, मास्तर येई, त्याले काही बोलनं शे, पन पहिले खावाले देजो."

मी खाल्लं, युनूस. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि इथे तर मिरचीचा ठसकाही नव्हता. मग तिला म्हणालो: ते मी लिहिलं होतं, तुला न विचारता लिहिलं, माझ्यामुळे तुझी चूल उठली, चुकलो. तिला हे सगळं आधीच माहीत होतं. ती भांडली नाही, जाऊ दे असंही म्हणाली नाही. राख सारखी करत म्हणाली, "मले हाकली दिधं त्यानं काही नही. मन्ह्या बाया भुक्या ऱ्हायन्यात त्या दिन." तुझंच वाक्य, वेगळ्या तोंडातून. तुझ्याशी वाद घातला होता, तिच्याशी घालता आला नाही. पुन्हा लिहिणार का, तिने विचारलं. ज्याच्यावर लिहायचं त्याला विचारल्याशिवाय कुणावरच नाही, म्हणालो.

निघताना तिने आणखी एक पुडकं पुढे केलं. मी नको म्हणत होतो. तेव्हा ती म्हणाली, "तो एक आठे खाये, एक बांधी लई जाये. मास्तरले शे म्हने."

युनूस, लबाडा. वर्षभर. ज्या बाईच्या हातच्या चवीवर मी अर्धं पान लिहिलं, तिचंच वर्षभर शाळेच्या फाटकाशी उभं राहून खाल्लं आणि ओळखलं नाही. पळसाचं पान काढून कागदात बांधलंस, पत्ता काढून घेतलास, बस्स, माझी जीभ आंधळी झाली. ते गूढ-बिढ जे मी लिहिलं होतं ना, तो पथारीवरच्या मिरचीचा खकाणा होता, दुसरं काही नाही. आणि एका बुधवारी मी तुला काय म्हणालो होतो? बरंय, पण मीठ जास्त झालंय, रमकीबाईची सर नाही. तू हसत हसत इतका खोकलास की शिपायाने पाणी आणून दिलं. मला वाटलं, हाड अडकलं.

म्हणजे ती शिक्षा नव्हती. मी इकडे धुमसत होतो आणि तू दर बुधवारी तिची चूल पेटती ठेवत होतास आणि मला तिच्या हातचं भरवत होतास. आम्हा दोघांची गाठ कधी घालायची, याची तू वाट बघत होतास. वर्ष कशाला लावलंस रे? सहा महिन्यांनीच नेलं असतंस तर आपण तिघे एकत्र बसलो असतो. एवढा एक राग मी तुझ्यावर ठेवणार आहे, तो मला सोडवत नाही.

पेपरवाल्यांचा फोन आला होता. तुझ्यावर लिहा म्हणाले, गावातल्या सगळ्या सिगड्या तुमच्या मित्राला ठाऊक होत्या, खाली चौकटीत दहा ठिकाणं द्या, लोक कापून ठेवतील. लिहितो म्हणालो, चौकट नाही म्हणालो. ते म्हणाले, मग वाचणाऱ्याला काय मिळणार? याला उत्तर तुला सुचलं असतं.

काल बुधवार होता. होळीआधीचा शेवटचा. भाभींनी कोळसा वाजवून बघितला, तुझ्यासारखाच, आणि पिवळी पट्टी घट्ट केली. पोतं मी सायकलच्या कॅरियरला बांधलं. नीट बांधता आलं नाही, एका बाजूला झुकत होतं, पँट काळी झाली. गल्लीच्या तोंडाशी हनीफ सिगडी मांडत होता. त्याने पोतं बघितलं, पट्टी बघितली, मला बघितलं.

"कोठे चालनात, मास्तर?"

मी पायडल मारलं आणि म्हटलं, "आठेच."